‘जड ते बुडते’ : प्राथमिक विद्यार्थ्यांच्या प्लावनविषयक कल्पना आणि त्यांच्या मापनाची चिकित्सा (शिरूर व दौंड तालुक्यांच्या विशेष संदर्भात)

१. प्रस्तावना

प्राथमिक स्तरावरील विज्ञान-अध्यापनात ‘तरंगणे आणि बुडणे’ हा घटक सर्वांत सोपा मानला जातो. पातेलेभर पाणी, एक खिळा, एक बूच, एक दगड आणि एक पान एवढ्या साहित्यावर तासिका पार पडते. शिक्षणशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनाही संशोधनासाठी हा घटक सोयीचा वाटतो. विद्यार्थ्यांची पूर्वचाचणी घ्यावी, काही उपक्रम राबवावेत, उत्तरचाचणी घ्यावी आणि दोन्हींतील मध्यमानांचा फरक लक्षणीय असल्याचे नोंदवावे, हा या संशोधनाचा रूढ आराखडा होय. ‘विद्यार्थ्यांच्या चुकीच्या कल्पना दूर झाल्या’ हा त्याचा ठरलेला निष्कर्ष असतो.

प्रस्तुत लेखात या आराखड्याची चिकित्सा करावयाची आहे. ज्यांना आपण ‘चुकीच्या कल्पना’ म्हणतो त्या नेमक्या कशा असतात, रूढ कसोट्या त्यांचे मापन खरोखर करतात काय, आणि शिरूर व दौंड या तालुक्यांतील मुलांच्या परिसरात व भाषेत या संकल्पनेसाठी कोणती सामग्री आहे, हे तीन प्रश्न येथे विचारात घेतले आहेत. लेखाचे प्रतिपादन असे की, मुलांच्या अनेक तथाकथित चुका या वजन आणि घनता यांतील भेद अद्याप न झाल्याच्या खुणा आहेत. हा भेद करण्याचे साधन मुलांच्या मराठीत उपलब्ध आहे. मात्र आपल्या कसोट्या आणि आपली वर्गातील वाक्ये ते साधन वापरूच देत नाहीत.

२. कसोटी नेमके काय मोजते?

रूढ प्रश्नपत्रिकेतील एक नमुनेदार प्रश्न पाहू : ‘पुढीलपैकी कोणती वस्तू पाण्यावर तरंगेल? खिळा, दगड, बूच, नाणे.’ ‘हलक्या वस्तू तरंगतात व जड वस्तू बुडतात’ अशी ज्या मुलाची ठाम समजूत आहे, ते मूल येथे ‘बूच’ असेच उत्तर देणार आणि त्याला पूर्ण गुण मिळणार. म्हणजे जी समजूत शोधण्यासाठी ही कसोटी तयार केली, त्याच समजुतीच्या बळावर मूल तीत उत्तीर्ण होते. यादीतील हलकी वस्तू तरंगणारी आणि तिच्याहून जड वस्तू बुडणाऱ्या, अशीच निवड केलेली असल्यामुळे चुकीच्या नियमाला येथे कोठेही ठेच लागत नाही.

याउलट पाच किलोचे कलिंगड आणि हरभऱ्याचा एक दाणा या दोहोंविषयी तोच प्रश्न विचारून पाहावा. कलिंगड तरंगते आणि हरभऱ्याचा कोरडा, टणक दाणा तळाशी जातो. ‘जड ते बुडते’ हा नियम येथे दोन्ही बाजूंनी फसतो. असा प्रश्न कसोटीत नसेल, तर तिच्यातील गुण आकलनाचे न राहता वस्तूंच्या ओळखीचे गुण ठरतात.

उत्तरचाचणीची अवस्था याहून बिकट असते. उपक्रमात ज्या वस्तू पाण्यात टाकून दाखवल्या त्याच वस्तू उत्तरचाचणीत विचारल्या, तर मुलाने केवळ पाहिलेले आठवून सांगितले तरी गुण वाढतात. सांख्यिकीय दृष्ट्या लक्षणीय असलेला हा फरक संकल्पनेच्या दृष्टीने पोकळ असू शकतो. येथे दोष गणिताचा नाही. ज्या प्रश्नांवर ते गणित उभे आहे, त्या प्रश्नांचा आहे.

डेव्हिड ट्रेगस्ट यांनी १९८८ साली निदानात्मक कसोट्यांविषयी मांडलेली पद्धत या बाबतीत मार्गदर्शक आहे. तीत प्रश्नाचे दोन स्तर असतात. पहिल्या स्तरावर उत्तर विचारले जाते आणि दुसऱ्या स्तरावर त्या उत्तराचे कारण. बरोबर उत्तर आणि चुकीचे कारण ही जोडी अशा कसोटीत लपून राहत नाही. आपल्याकडील एकस्तरीय प्रश्नावलीत मात्र तीच जोडी यश म्हणून नोंदली जाते.

३. कल्पनांचे स्वरूप : चूक की अपुरा नियम?

बार्बेल इन्हेल्डर आणि ज्याँ पियाजे यांनी १९५५ साली फ्रेंचमध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तरंगणाऱ्या वस्तूंवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यांनी मुलांना वस्तूंचे वर्गीकरण करावयास सांगितले, त्याची कारणे विचारली आणि मग प्रत्यक्ष पाण्यात पडताळा घ्यावयास लावला. लहान मुले एका वस्तूसाठी एक आणि दुसऱ्या वस्तूसाठी नेमके उलटे कारण देतात, आणि त्यातील विसंगती त्यांना टोचत नाही. वय वाढते तसतशी ही विसंगती जाणवू लागते आणि मूल तिचे निरसन करण्याची धडपड करते. वस्तूचे वजन आणि तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याचे वजन यांची तुलना पौगंडावस्थेच्या उंबरठ्यावर साधते, असे त्यांचे म्हणणे होते.

या मांडणीतून आपल्याकडे बहुधा केवळ वयाची चौकट उचलली गेली. प्राथमिक वयात घनता कळत नाही, म्हणून नियम पाठ करून घ्यावा, असा सोयीचा अर्थ काढण्यात आला. वस्तुतः त्या प्रकरणाचा गाभा विसंगतीच्या निरसनात आहे. मूल नियम करते, तो मोडतो, म्हणून ते नवा नियम करते. ही हालचाल म्हणजेच शिकणे होय.

कॅरोल स्मिथ, सुसान केरी आणि मेरिअन वायझर यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हा विचार पुढे नेला. त्यांच्या मते लहान मुलाच्या ‘जड’ या एकाच कल्पनेत दोन गोष्टी मिसळलेल्या असतात : वस्तूचे एकूण वजन, आणि आकाराच्या मानाने तिचे जडपण. पहिली गोष्ट वस्तूचा तुकडा पाडला की बदलते. दुसरी तुकडा पाडला तरी तीच राहते. मुलाला ‘चुकीची’ संकल्पना आहे असे म्हणण्यापेक्षा त्याच्यापाशी अद्याप न विभागलेली एक संकल्पना आहे, असे म्हणणे अधिक यथार्थ ठरते.

या दृष्टीने पाहिल्यास मुलांच्या सर्व समजुती एकाच टोपलीत टाकता येत नाहीत. ‘जड ते बुडते’ ही समजूत न विभागलेल्या कल्पनेची आहे. ‘लाकूड तरंगते, लोखंड बुडते’ ही तिच्या पुढची पायरी आहे, कारण येथे मुलाने वजन सोडून पदार्थाचा गुण पकडला आहे. ‘पोकळ असते ते तरंगते’ या समजुतीत वस्तूच्या आतील जागेचा विचार आला आहे. ‘पाणी खोल असेल तर वस्तू अधिक चांगली तरंगते’ ही समजूत मात्र वेगळ्या जातीची आहे; तीत वस्तूऐवजी पाण्याकडे लक्ष आहे. रूढ विश्लेषणात या चारही उत्तरांपुढे सारखीच फुली पडते. मूल कोणत्या पायरीवर उभे आहे, ही शिक्षकाला सर्वाधिक उपयोगी असलेली माहिती त्या फुलीखाली झाकली जाते.

४. ‘हलके’ आणि ‘जड’ : भाषेचा प्रश्न

वर्गात उच्चारले जाणारे ‘हलक्या वस्तू तरंगतात’ हे वाक्य शिक्षकाच्या मनात बरोबर असते आणि मुलाच्या कानी चुकीचे पडते. शिक्षकाला ‘पाण्यापेक्षा हलक्या पदार्थाच्या’ असे म्हणावयाचे असते, तर मुलाला ‘उचलायला हलक्या’ असे ऐकू येते. म्हणजे काही चुकीच्या कल्पना मूल घरून आणत नाही. त्या वर्गातच तयार होतात आणि पुढे कसोटीत त्याच्या नावावर मांडल्या जातात.

यावर उपाय म्हणून ‘घनता’ हा शब्द खालच्या इयत्तेत आणावा, असे सुचवले जाते. महाराष्ट्रात २०१८ साली आलेल्या इयत्ता आठवीच्या विज्ञान पुस्तकातील ‘बल व दाब’ या पाठात घनता आणि आर्किमिडीजचे तत्त्व येते. भागाकारावर आधारलेली ही राशी तिसरी-चौथीत केवळ शब्द म्हणून आणल्यास पाठांतराखेरीज हाती काही लागणार नाही. परंतु शब्द आणि संकल्पना यांच्या मधली एक पायरी मराठीत आधीपासून आहे. ‘च्या मानाने’ ही ती रचना होय. ‘वयाच्या मानाने उंच’, ‘पावसाच्या मानाने पीक बरे’ ही वाक्ये खेड्यातील मूल सहज बोलते. ‘आकाराच्या मानाने जड’ हे वाक्य त्याच्या आवाक्याबाहेरचे नाही. घनतेतील भागाकार न करता तीतील तुलना या रचनेतून साधते.

शेतीच्या बोलीत तर ‘हलके’ आणि ‘भारी’ हे शब्द वजनापासून सुटून पदार्थाच्या गुणापर्यंत पोहोचले आहेत. ‘हलकी जमीन’ म्हणजे वजनाने कमी भरणारी जमीन नव्हे. एक एकर असो वा दहा एकर, हलकी जमीन हलकीच राहते. तुकडा पाडला तरी न बदलणारा गुण तो हाच. ‘पोचट दाणा’ आणि ‘भरलेला दाणा’, ‘पोकळ’ आणि ‘भरीव’ या जोड्याही त्याच दिशेच्या आहेत. जुन्या घरांत पायली, अधोली, मापटे, चिपटे ही मापे अद्याप आढळतात. ही आकारमानाची मापे आहेत. एक पायली बाजरी आणि एक पायली भुईमुगाच्या शेंगा यांचे वजन सारखे भरत नाही, हे घरातील कोणतीही आजी सांगेल. माप तेच, वजन वेगळे : घनतेचा पहिला धडा यापेक्षा सोपा करता येणार नाही.

५. भीमा-घोडच्या काठावरील सामग्री

शिरूर आणि दौंड हे तालुके काही अंतरापर्यंत भीमेच्या दोन तीरांवर समोरासमोर आहेत. शिरूर गावाला तर घोडनदी हेच जुने नाव आहे. रांजणगाव सांडस येथे मुळा-मुठा भीमेला मिळते. घोड धरण, चासकमानचे कालवे, दौंडकडे जाणारा मुठा कालवा, विहिरी आणि शेततळी यांमुळे पाणी हा येथील मुलांच्या नित्य अनुभवाचा भाग आहे. असे असताना वर्गातील प्रयोग बूच आणि खिळा यांपुरताच राहावा, हे आश्चर्य आहे.

पहिले उदाहरण विहिरीचे. भरलेली घागर पाण्यात असेपर्यंत हलकी लागते आणि पाण्याबाहेर येताच दोराला ओढ बसते. रिकामी घागर पालथी धरून पाण्यात दाबू लागल्यास ती हाताला वर ढकलते. पाणी वस्तूला वर लोटते, हे उत्प्लावक बलाचे ज्ञान अशा रीतीने प्रथम हाताला होते. पोहायला शिकणाऱ्या मुलाच्या पाठीला बांधलेला डबा किंवा सुकवलेला भोपळा हेच ज्ञान देतो.

दुसरे उदाहरण बाजरीच्या बियाण्याचे. अरगट रोगाच्या प्रतिबंधासाठी पेरणीपूर्वी बी २० टक्के मिठाच्या द्रावणात, म्हणजे १० लिटर पाण्यात २ किलो मीठ विरघळवून, बुडवण्याची शिफारस कृषी शास्त्रज्ञ करतात. पोचट बी आणि रोगट भाग वर तरंगतात, ते काढून टाकावयाचे. तळाशी राहिलेले निरोगी बी स्वच्छ पाण्याने धुऊन वाळवावयाचे. शिरूरच्या जिरायती भागात बाजरी हे ओळखीचे पीक आहे. तरंगणे हे केवळ वस्तूवर अवलंबून नसून द्रवावरही अवलंबून असते, ही प्राथमिक पाठात बहुधा सुटणारी बाब या एका कृतीत सामावली आहे.

तिसरे उदाहरण अप्रिय आहे, परंतु मुलांच्या डोळ्यांसमोरचे आहे. भीमेच्या पात्रातील अवैध वाळूउपशाच्या बोटी महसूल व पोलिसांच्या पथकांनी फोडून बुडवल्याच्या बातम्या या दोन्ही तालुक्यांतून वारंवार आल्या आहेत. लोखंडाची घनता पाण्याच्या सुमारे ७.८ पट. तरीही लोखंडी बोट यंत्रासह आणि वाळूसह तरंगते. आणि तिला छिद्र पडताच तेच लोखंड, वजनात काहीही भर न घालता, तळाशी जाते. बदलले ते काय? बोटीच्या पोटातील हवेची जागा पाण्याने घेतली. आधी बोट आपल्या पूर्ण आकाराने पाणी दूर सारत होती. आता केवळ तिचे लोखंड तेवढे पाणी सारते. ‘लोखंड बुडते’ या दुसऱ्या पायरीवरील मुलाला तिसऱ्या पायरीवर नेण्यासाठी याहून बोलके उदाहरण नाही. वर्गात यासाठी स्टीलची एक वाटी पुरते : ती सरळ ठेवली की तरंगते, कलंडून पाणी शिरले की बुडते.

या सामग्रीचे महत्त्व गुणपत्रिकेपुरते नाही. शेततळ्याच्या प्लास्टिक अस्तरावर पाय घसरतो आणि बाहेर पडणे कठीण होते. अशा ठिकाणी झाकण घट्ट लावलेला २० लिटरचा रिकामा कॅन दोरीला बांधून ठेवलेला असावा, हे मुलाला नियम म्हणून सांगता येते आणि कारणासह समजावूनही देता येते. कॅनचे स्वतःचे वजन एक किलो धरले, तर तो पूर्ण बुडेपर्यंत सुमारे १९ किलोंचा भार उचलून धरतो. पाण्यात असलेल्या माणसाला डोके वर ठेवण्यासाठी काही किलोंचाच आधार पुरतो. ‘हलके ते तरंगते’ एवढेच शिकलेल्या मुलाला हा हिशेब सुचणार नाही. मोठ्या माणसाला हा छोटा कॅन कसा पेलणार, असेच त्याला वाटेल.

६. दोन टोकांपासून सावधता

वरील विवेचनावरून स्थानिक अनुभव हेच विज्ञान होय, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. मिठाच्या पाण्यात बी निवडणाऱ्या शेतकऱ्याचे काम घनतेची कल्पना नसतानाही बिनचूक होते. मूल ही कृती पाहून ‘मीठ खराब बियांना वर ढकलते’ असे स्पष्टीकरण करील, तर ते अस्वाभाविक नाही. तुकोबांची गाथा इंद्रायणीवर तरंगल्याची कथा आणि रामनामाने तरंगणाऱ्या शिळांची कथा याच जिल्ह्यातील मुले लहानपणापासून ऐकतात. शिक्षकाने या कथांचा उपहास करण्याचे कारण नाही. दगड एरवी बुडतो हे गृहीत असल्यामुळेच त्या कथेत चमत्कार आहे, हे मुलांना उमगते. श्रद्धेची कथा आणि पाण्यातील पडताळा यांची क्षेत्रे वेगळी ठेवणे इष्ट होय. सारांश, अनुभव हा कच्चा माल आहे. त्याचे आकलनात रूपांतर होण्यासाठी प्रश्न लागतो.

दुसरे टोक ज्ञानरचनावादाच्या ढिल्या अर्थाचे आहे. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ नंतर ‘मूल स्वतः ज्ञान रचते’ हे वाक्य आपल्या शिक्षक-प्रशिक्षणात रूढ झाले. त्याचा अर्थ मुलांपुढे पातेले ठेवून शिक्षकाने बाजूला व्हावे, असा घेतला जातो. जर्मनीतील तिसरीच्या मुलांवर याच घटकासंबंधी झालेला आणि इलोंका हार्डी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास या संदर्भात महत्त्वाचा आहे. प्रयोग करण्याची मोकळीक दोन्ही गटांना होती. परंतु एका गटात शिक्षकाने साहित्याचा क्रम लावून दिला आणि चर्चेत मुलांच्या विधानांतील विसंगती पुढे आणली. एका वर्षानंतर या गटाचे आकलन अधिक टिकून असल्याचे आढळले. मुलाने रचना करावी हे खरेच. पण विसंगती त्याच्यासमोर आणण्याचे काम शिक्षकाचे आहे.

एनसीईआरटीच्या २००८ साली प्रसिद्ध झालेल्या पाचवीच्या परिसर अभ्यास पुस्तकातील पाण्याच्या प्रयोगांचा पाठ या दृष्टीने उल्लेखनीय होता. तो कढईतल्या पुरीपासून सुरू होतो. तेलात सोडलेली पुरी बुडते, फुगली की वर येते. न फुगलेली तशी तरंगत नाही. येथे वस्तू तीच, कणीक तीच, आणि तरीही निकाल वेगळा. विसंगतीची निवड उत्तम आहे. तथापि पाठ पुढे अनेक वस्तूंच्या तक्त्याकडे वळतो. शिक्षकाने तो तक्ता केवळ भरून घेतला, तर पुरीने उभा केलेला प्रश्न तेथेच विरतो. चांगले पुस्तकही शिक्षकाच्या पुढच्या प्रश्नाला पर्याय ठरत नाही.

७. काही सूचना

उपरोक्त चिकित्सेतून अध्यापन आणि संशोधन या दोहोंसाठी काही सूचना निष्पन्न होतात.

पहिली सूचना वर्गातील भाषेविषयी आहे. ‘हलक्या वस्तू तरंगतात’ हे वाक्य प्राथमिक वर्गातून काढून टाकावे. त्याऐवजी आधी ‘आकाराच्या मानाने हलकी’ आणि नंतर ‘तेवढ्याच पाण्याच्या मानाने हलकी’ अशी वाक्ये क्रमाने वापरावीत.

दुसरी सूचना वस्तूंच्या निवडीविषयी आहे. प्रत्येक वस्तू मुलाच्या एखाद्या नियमाला आव्हान देणारी असावी. कलिंगड व हरभऱ्याचा दाणा ही जोडी वजनाच्या नियमासाठी. स्टीलची वाटी पदार्थाच्या नियमासाठी. वाळूने गच्च भरलेली झाकणाची डबी आणि तशीच रिकामी डबी ही जोडी बाह्य आकाराच्या नियमासाठी. साध्या पाण्यात बुडणारा आणि पुरेशा खारट पाण्यात तरंगणारा बटाटा द्रवाच्या विचारासाठी. प्रत्येक वेळी आधी भाकीत, मग पडताळा आणि मग कारण हा क्रम मोडू नये.

तिसरी सूचना संशोधकांसाठी आहे. प्रश्न द्विस्तरीय असावेत. उत्तरचाचणीत उपक्रमात न वापरलेल्या वस्तू याव्यात. काही आठवड्यांनी पुनर्चाचणी व्हावी. आणि विद्यार्थ्यांची उत्तरे ‘बरोबर-चूक’ यांऐवजी कारणाच्या पायरीनुसार वर्गीकृत करावीत. शिवाय मुलांचे शब्द जसेच्या तसे नोंदवावेत. ‘भारी’, ‘पोचट’, ‘गच्च’ हे शब्द प्रमाणभाषेत बदलून घेतले, तर पुरावाच नष्ट होतो. ऊसतोडणीच्या हंगामात दौंड परिसरात येणाऱ्या कुटुंबांतील मुलांच्या बाबतीत ही काळजी अधिकच आवश्यक आहे. वर्षाचा काही काळ शाळेपासून तुटलेले मूल छापील प्रश्नावलीत मागे पडेल. पण पाण्यापाशी उभे करून त्याला कारण विचारल्यास तेच मूल मागे राहील, असे गृहीत धरण्यास आधार नाही.

८. समारोप

‘जड ते बुडते’ हे वाक्य चुकीचे आहे, यात शंका नाही. परंतु ते एका निरीक्षणातून आलेले, पडताळून पाहता येणारे आणि मोडता येणारे वाक्य आहे. नियम असण्याची ही पात्रता ‘घनता म्हणजे एकक आकारमानाचे वस्तुमान’ या न समजता पाठ केलेल्या व्याख्येला मुलाच्या तोंडी लाभत नाही. आपल्या कसोट्या मात्र पहिल्या वाक्याला शून्य आणि दुसऱ्याला पूर्ण गुण देतात. प्राथमिक विज्ञानाच्या मूल्यमापनातील मूळ दोष हा आहे. तो दूर करण्यासाठी महागडी प्रयोगशाळा लागत नाही. आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या उत्तरानंतर ‘कशावरून?’ एवढे विचारावे लागते, आणि त्याचे म्हणणे पूर्ण होईपर्यंत थांबावे लागते. शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयांनी आपल्या छात्राध्यापकांना पाठ-टाचणाइतक्याच गांभीर्याने हे थांबणे शिकवावे, अशी अपेक्षा व्यक्त करणे अप्रस्तुत ठरू नये.